चिंच झोंबली नाही म्हणून

"पू आत खोलवर गेलाय. आजच बोटाला चीर देऊन तो काढावा लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?"

मी म्हणालो, "दोन. हिनं सांगितलंच नाही."

माझी बायको सुनंदा हिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि सुजलेला हात डॉक्टरीणबाईंपुढे केला. झाले होते नऊ दिवस, आणि तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

कसब्यात आमचं तांब्याच्या भांड्यांचं काम. मी ठोके मारतो, ती चिंच-मिठानं भांडी उजळायची. तिला बारा वर्षांपासून मधुमेह. घंगाळाची कड तर्जनीला लागली तेव्हा ती म्हणाली, "अहो, रबरी हातमोजे तरी आणा." मी म्हणालो, "भांडी घासायची आहेत, ऑपरेशन नाही करायचं."

आमच्या कामात जखमेची एक परीक्षा असते. चिंच झोंबली तर जखम ओली, नाही झोंबली तर भरली. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "झोंबतंय?" ती म्हणाली, "नाही." मी पुढचं घंगाळ तिच्यापुढे सरकवलं. आठव्या दिवशी हात मनगटापर्यंत सुजला, ताप भरला.

याला न्यूरोपॅथी म्हणतात, डॉक्टरांनी समजावलं. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की नसा बधिर होतात. "दुखत नाही म्हणून निवांत राहू नका. उलट जास्त जपा."

हात वाचला. तर्जनीचं एक पेर गेलं.

तिसऱ्या ड्रेसिंगला मी खाली बघून म्हणालो, "दोन नाही, नऊ दिवस झाले होते. हिनं सांगितलं होतं." डॉक्टरांनी फक्त मान हलवली.

रिक्षात सुनंदा म्हणाली, "त्यांना जखम बघूनच कळलं होतं. मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल तर माझ्यासारखं करू नका. ओरखडा असला तरी साबण-पाण्यानं धुवा, कोरडा करा, स्वच्छ पट्टी बांधा. लाली, सूज, पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि हातमोजे मागितले तर आणून द्या.

भांडी आता मी उजळतो. रोज सकाळी दारातल्या उजेडात ती दोन्ही हात पुढे करते. "बघा, कुठे पोचा आलाय का," म्हणते.

दुखतंय का, असं मी विचारत नाही. एकेक बोट उलटून बघतो.