घोंगडीतला तांब्या

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण ती घटना आजही आठवते. आठवली की आधी माझाच मला राग येतो आणि मग हसू येतं.

मी मूळचा साताऱ्याकडचा. त्या वेळी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावाची यात्रा आठ दिवसांवर आली आणि देवळातून देवाचा चांदीचा मुखवटा व छत्र चोरीला गेलं. कुलूप शाबूत होतं. एक किल्ली पुजाऱ्याकडे आणि दुसरी यात्रा कमिटीच्या कपाटात. त्या कपाटापर्यंत कमिटीच्या चौघांचा हात पोचत होता. पण पंचनाम्यावरच्या सह्या वाळायच्या आत गावाने निकाल लावून टाकला, की चोर पुजारीच.

पुजारी सत्तरीचा. घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं, आता डाळिंबाची बाग. यात्रेदिवशी मुखवटा पालखीत ठेवायचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराचा. गावाने त्याला निरोप धाडला, यंदा देवळाची पायरी चढायची नाही. म्हातारा ठाण्यात आला, खुर्ची दिली तरी बसला नाही.

"सायेब, मला आत तरी टाका, न्हाईतर देव तरी हुडकून द्या. असं मधी लोंबत ठिवू नगा."

सगळ्यात मोठा आवाज कमिटीच्या अध्यक्षाचा. रोज दोन वेळा ठाण्यात यायचा. "आवं सायेब, किल्ली त्येच्याकडं, देव त्येच्याकडं. मग चोर काय मिरजंसनं आला व्हय?" चोराच्या उलट्या बोंबा, असं मी मनाशी पक्कं केलं. चौघांचे जबाब घेताना ह्यालाच तीन तास उलटसुलट विचारलं. हाती काही लागलं नाही.

चौथ्या दिवशी गावातला एक म्हातारा गलाईवाला मागच्या दाराने ठाण्यात आला. त्या भागातली माणसं देशभर गलाईची दुकानं चालवतात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देतात. ह्याच्या भाच्याचं दुकान मुंबईच्या झवेरी बाजारात. कुणीतरी मुखवटा आटवायला आणला होता आणि कानाच्या भोकात अजून भंडाऱ्याची हळद होती. भाच्याने भट्टी बंद असल्याची थाप मारून तो ठेवून घेतला होता. बोलणं आपल्याच मुलखाचं, म्हणून आणणाराही विश्वासाने ठेवून गेला.

"पर सायेब, पोराच्या दुकानाला तरास न्हाई ना हुयाचा?"

"साक्षीदार म्हणून नाव येईल, आरोपी म्हणून नाही. शब्द देतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्टेशन डायरीला नोंद करून साध्या कपड्यांत निघालो. मी, एक हवालदार आणि मुखवटा ओळखायला पुजारी. त्याच्या बायकोने दिवसभराच्या भाकरी बांधून दिल्या होत्या. म्हाताऱ्याने मुंबई कधी पाहिली नव्हती. स्थानिक पोलीस ठाण्यात कळवून, पंच घेऊन बाजारात शिरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. हातगाड्या, हमाल, गर्दीच्या डोक्यावरून चहाची किटली नेणारे, आणि ज्या गल्लीत दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत तिथे कोट्यवधींचा माल. एक माणूस गटाराकडेची माती ब्रशने गोळा करत होता. मातीत सोन्याचा कण सापडतो म्हणून, असं हवालदाराने सांगितल्यावर पुजारी थांबलाच.

"हितली माती बी सोन्याची, आन्‌ आमच्या मातीत निस्तं कुसळ," तो म्हणाला. पाच दिवसांत पहिल्यांदा हसला. भाच्याच्या दुकानाचा जिना चढता चढता कुठून कुठून हाका आल्या, "कुठलं पावणं? कवा आला?" अर्धी गल्ली आमच्या हद्दीतली निघाली. मुंबईत आलोय की तालुक्याच्या आठवडी बाजारात, मला कळेना.

भाच्याने कपाटातून काळ्या घोंगडीच्या तुकड्यात बांधलेलं गठुडं काढलं. मुखवटा दिसताच पुजारी मटकन्‌ खाली बसला आणि रडला. आम्ही पंचनामा केला, मुद्देमाल सील केला. छत्र मात्र तिथे नव्हतंच.

आणणाऱ्याच्या तोंडाला रुमाल आणि डोक्याला टोपी. दुकानातल्या कॅमेऱ्यात दुसरं काही दिसेना. मी चिडून तेच चित्रण चौथ्यांदा लावलं. माणूस गठुडं फळीवर ठेवतो आणि दारापर्यंत उलटा चालत जातो. उंबऱ्याला अडखळतो, पण वळत नाही.

"हा असा का चालतोय?" मी विचारलं.

पुजारी डोळे पुसत म्हणाला, "त्यात काय इचारायचं सायेब? देवाला पाठ दावत न्हाईत आमच्याकडं."

मी सत्तावीस वर्षं पोलिसात. चार वेळा बघूनही जे कळलं नाही, ते त्या म्हाताऱ्याला एका नजरेत कळलं.

दुसऱ्या दिवशी चौघांना ठाण्यात बोलावलं. देव सापडल्याची बातमी आम्ही फुटू दिली नव्हती. तसाच घोंगडीचा दुसरा तुकडा मिळवून त्यात एक पितळी तांब्या बांधला आणि गठुडं टेबलावर ठेवलं. एकेकाला आत घेतलं, यात्रेच्या बंदोबस्ताचं जुजबी काहीतरी विचारलं आणि जायला सांगितलं. पहिला अध्यक्ष. तो निघाला तो सरळ पाठ फिरवून, शिवाय जाताना दारही आपटलं. माझं तोंड पडलं. दुसरा तसाच गेला, तिसराही.

चौथा कमिटीचा सगळ्यात मवाळ माणूस. दरसाल भंडारा स्वखर्चाने आणणारा. गठुड्याकडे बघितलं आणि खुर्ची थोडी मागे ओढून बसला. उत्तरं बरोबर दिली. "या आता," म्हटलं, तसा तो उठला, हात जोडले आणि एकेक पाऊल मागे टाकत दाराकडे गेला. उंबऱ्याला अडखळला.

"बसा," मी म्हणालो. "पाठ कुणाला दाखवत नव्हता? मला?"

मी गाठ सोडली. तांब्या बघून त्याने ओंजळीत तोंड लपवलं. "चुकलं सायेब. पैशाची नड लय हुती. आटवायचं धाडस हुईना, म्हून लांब न्हेऊन दिला." पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. पण पंचांसमक्ष त्याने स्वतःच्या कडब्याच्या गंजीतून छत्र काढून दिलं आणि केस उभी राहिली.

यात्रेच्या आदल्या दिवशी कोर्टाचा हुकूम मिळवून मुखवटा सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, गावाला दिला. दुसऱ्या दिवशी पुजारी पायरी चढला तेव्हा अध्यक्षानेच पुढे होऊन त्याचा हात धरला. "काका, माझी जीभ झडू दे," म्हणाला. म्हाताऱ्याने त्याच्या कपाळाला भंडारा लावला. मुखवटा पालखीत बसला तशा हलग्या आणि कैताळाच्या झांजा कडाडल्या आणि भंडाऱ्याने आभाळ पिवळं झालं. माझ्या हवालदाराने टोपी हवेत उडवली. शिस्तभंगच होता, पण मी बघितलं नाही.

ह्या केसने मला एक शिकवलं. ठाण्यात येताना प्रत्येक जण सोंग घेऊन येतो, त्यामुळे मोठ्या आवाजावर आणि मवाळ चेहऱ्यावर जाऊ नये. माणूस बाहेर कसा पडतो ते बघावं, कारण तेव्हा त्याला वाटतं की आता कुणी बघत नाही. नंतर नव्या पोरांना हेच सांगत आलो.

पालखी देवळात परतल्यावर दर्शन घेऊन मी निघालो. मागून पुजाऱ्याचं हसणं ऐकू आलं, नव्हे, समोरून. मी स्वतःच दारापर्यंत उलटा चालत आलो होतो.

"सायेब," तो गाभाऱ्यातून ओरडला, "तुमचा बी जबाब घ्यावा लागतोय आता."