पाठीमागून सांगू नये

टाळेबंदीतल्या जूनमध्ये मी चौदा घरांचा एक ग्रुप केला आणि पहिल्याच दिवशी माझा गोंधळ उडाला. शाळा आमची गोव्यात, लाटंबार्सेच्या बाजूला, एका वाड्यावरची सरकारी मराठी प्राथमिक. चार वर्ग, एक खोली, एक बाई. ती बाई मी. शाळेत कोण बोलतंय ते मला फळ्याकडे तोंड करूनही कळायचं. फोनवर मात्र बापाच्या नावाने मुलगी बोलायची, मामाच्या नावाने दोन भाऊ बोलायचे, आणि एका नंबरावरून तर रोज सकाळी नुसते फुलांचे फोटो यायचे. आपण नक्की कुणाला शिकवतोय हेच मला समजेना.

व्हिडिओचा तास मी एकदाच घेऊन बघितला. डिचोलीला माझ्या घरी रेंज होती, वाड्यावर नव्हती. तिघांचे चेहरे आले आणि तेही तोंड उघडं ठेवून गोठले. मग आम्ही नुसत्या आवाजावर आलो. मी सकाळी पाठ बोलून पाठवायचा. मुलांनी पाढा, कविता, वाचलेला उतारा असं काहीतरी बोलून परत पाठवायचं. रेंज मिळेल तेव्हा ते माझ्यापर्यंत पोचायचं. त्या आवाजांच्या मागे अख्खं घर असायचं. कुकरच्या शिट्ट्या, कोंबड्या, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा आणि 'पाव घे गो' म्हणून कुणाची तरी हाक. आधी मला मजा वाटली. पुढे चीड यायला लागली, कारण घराबरोबर घरची माणसंही पाढे म्हणू लागली.

त्यातला सगळ्यात ठळक आवाज तिसरीतल्या एका मुलीच्या आजोबांचा. तिचे वडील ट्रक चालवायचे, आई कारखान्यात पाळीला जायची, म्हणून घरातला जुना फोन आजोबांच्या ताब्यात. तो नंबर मी माझ्याकडे 'आजोबा' याच नावाने ठेवला होता. मुलगी गुणी, पण पाढ्यात सात आला की हमखास अडायची. "नऊ साती..." म्हणून थांबायची, आणि मागून, एका खोकल्यानंतर, घोगरा आवाज यायचा, "त्रेसष्ट गो बाय." की गाडी पुढे. आठाचा पाढा असो की सहाचा, ती त्याच जागी थांबणार आणि तिथे आजोबा हजर असणार.

पाठीमागून सांगणं मला मुळीच खपत नाही. वर्गात त्यासाठी मी मुलांना उभं करत आले आहे. आजोबांना उभं कसं करणार? शेवटी ग्रुपवर लिहिलं, 'मोठ्यांनी पाठीमागून सांगू नये. मुलांना स्वतः आठवू द्यावे.' नाव घेतलं नाही, पण रोख कुणावर आहे ते चौदाही घरांना कळलं. आजोबांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी आठाचा पाढा आला आणि सातापाशी पुन्हा तोच आवाज, जरा दबका, "छप्पन गो." हळू बोललं की बाईंना ऐकू येत नाही, अशी त्यांची समजूत असावी. मला हसूही आलं आणि रागही आला.

श्रावण संपता संपता एका संध्याकाळी नऊचा पाढा आला तो वेगळाच होता. "नऊ साती" म्हणून ती थांबली. मी फोन कानाला लावून मागच्या आवाजाची वाट पाहिली. काहीच आलं नाही. खोकलाही नाही. ती इतका वेळ गप्प राहिली की फोन बंद पडला असं मला वाटलं. मग तिने आपणहून "त्रेसष्ट" म्हटलं आणि थेट नव्वदापर्यंत गेली. मला कोण आनंद झाला! मी चांदणीचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, 'शाब्बास! आज पाठीमागून कुणीच बोललं नाही. असंच हवं.' जेवताना नवऱ्याला सांगितलंसुद्धा, म्हातारा सुधारला एकदाचा.

गणेश चवथीला मी माटोळीचा अभ्यास दिला. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं नि भाज्या बांधतात, ती माटोळी. घरच्या माटोळीचा फोटो काढायचा आणि तिच्यातल्या दहा वस्तूंची नावं म्हणायची. घरातल्या सगळ्यांना धरून होणारा अभ्यास शोधला म्हणून मी स्वतःवरच खूश होते. फोटोंचा नुसता पाऊस पडला. आंबाडे, तोरिंगं, कवंडळं, सुपारीचे घड, हातभर चिबूड. प्रत्येक फोटोखाली शुभेच्छा, शुभेच्छांखाली शुभेच्छा. मीही सगळ्या घरांना एकदमच शुभेच्छा देऊन मोकळी झाले.

त्यात आजोबांच्या नंबरावरून त्या मुलीचा फोटो आला. मी बघितला आणि पुन्हा बघितला. तिच्या शेजारच्या चौथीतल्या मुलाने पाठवलेलीच ही माटोळी होती. तोच चिबूड, त्याच जागी तडकलेला. फक्त फोटो तिरका होता आणि त्याच्या मधोमध एक जाड काळी रेघ उभी होती. बोट आलं असेल म्हटलं. माझा पारा चढला. लिहिलं, 'दुसऱ्याच्या घरची माटोळी चालणार नाही. आपल्या घरची पाठवावी. देवाच्या कामात तरी कॉपी नको.' शेवटचं वाक्य लिहायची काही गरज नव्हती. लिहिताना ते मला फार आवडलं होतं.

दुपारी फोनवर एक ओळ दिसली. आजोबा ग्रुपमधून बाहेर पडले.

मला काही उमगेना. म्हातारा रुसला? आणि तो एवढ्यावरून? की पाढ्यांच्या वेळचा राग आत्ता बाहेर आला? मी फोन लावला, तो वाजत राहिला. मग निरोप पाठवला, 'आजोबा, राग मानू नका. मुलीचा अभ्यास बुडेल.' वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. चार दिवस गेले, आठ गेले, पुढे मी मोजले नाहीत. आधी मला त्यांचा राग आला, मग माझाच, आणि मग भीती वाटू लागली. एक घर असंच जुलैत गळालं होतं. तिथली मुलगी मला नंतर रस्त्याच्या कडेला गुरांमागे दिसली आणि मला पाहून आडोशाला गेली होती. तिला मी अजून परत आणू शकले नव्हते. ही दुसरीही तशीच सुटली असती आणि या खेपेला तर हाकललं मीच होतं.

एका सकाळी मी अभ्यासाचे कागद घेतले, एका डब्यात नेवऱ्या, आमच्याकडच्या करंज्या, भरल्या आणि स्कूटर काढली. वाटभर आजोबांसाठी वाक्यं जुळवत होते. वयाने मोठे आहात, माझी जीभ जरा तिखट आहे, पण मुलीवर राग काढू नका. वाक्यं काही धड जुळेनात. त्यांच्या घरासमोर पोचले, मास्क सारखा केला आणि दारासमोरच्या खळ्यातूनच मोठ्याने हाक मारली, "आजोबा आहेत का?"

मुलीची आई बाहेर आली. तिला मी एरवी शाळेच्या दारात घाईघाईने येताना-जाताना पाहिलेलं. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"बाई, आमचो म्हातारो गेलो," ती म्हणाली. "चवथीच्या आठ दीस आदी."

मी डबा हातात धरून उभी. तीच बोलत राहिली. "दुपारचो जेवलो, आडो पडलो, तो उठलोच नाय. लोकांका वाटला कोरोना. भियान कोण इलेच नाय. चार माणसांनी न्हेल्यानी."

"मला कुणीच कसं सांगितलं नाही?" मी विचारलं. विचारताना तो प्रश्न आरोपासारखा निघाला.

"खंय सांगतलंय? ग्रुपार सगळे गणपती घालीत होते. त्यात आमचो म्हातारो गेलो म्हणान कशी लिवतलंय?" ती पायरीवर बसली. "आमका सुतक. गणपती नाय, माटोळी नाय. पण ह्या चेडवाचा एकच, बाईंनी सांगला हा. सुतकात लोकांच्या गणपतीकडे भितर कशी जातली? भायर खळ्यात उबी रवली आणि जनेलातसून फोटो काढल्यान."

ती काळी रेघ म्हणजे शेजारच्या खिडकीचा गज होता.

मी सोप्यावर बसले. तिने पदराने तोंड पुसलं. "ग्रुपातसून भायर मीच पडलंय, बाई. रागान नाय हां. माका दुसरा काय सुचूक नाय." मग म्हणाली, "त्येच्या आदी तुमी चांदणी घातलात, कोण पाठसून बोलला नाय म्हणान. ता वाचून ती माका विचारी, आई, आजो नाय ताच बाईंका बरा वाटता?"

मला रडू कोसळलं. लाज वाटली, पण आवरेना. शोकाच्या घरी जाऊन मीच रडत बसले आणि ती बिचारी मला पाणी द्यायला आत गेली.

पाण्याचा तांब्या घेऊन मुलगी आली. ती आईच्या सांगण्यावरून समोर उभी राहिली, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत. मला तिला खूप काही सांगायचं होतं. तुझे आजोबा नसणं मला बरं वाटलं नाही, असं नुसतं म्हणायचं होतं. पण तिसरीतल्या मुलीला ते कसं सांगायचं हे मला कळेना, आणि मी काही बोलायच्या आधीच आई म्हणाली, "बाईंका पाडो म्हणान दाखय." मला नको होतं ते. मुलीने मात्र लगेच हाताची घडी घातली.

"नऊ एके नऊ, नऊ दुणे अठरा," ती सरळ म्हणत गेली. "नऊ सक चोपन्न. नऊ साती..."

आणि थांबली. तिची नजर सोप्याच्या त्या टोकाला गेली, जिथे एक दुमडलेली घोंगडी होती.

तिला येत होतं. तिला ते येतं हे मला पक्कं ठाऊक होतं, तिच्या आईलाही ठाऊक होतं. थांबलं की कुणीतरी पुढचं देतं, एवढंच ती बघत होती की काय कोण जाणे. मी सांगावं की सांगू नये? सांगितलं तर त्यांची जागा घेतल्यासारखं होईल का? नाही सांगितलं तर आणखी किती वेळ ती अशी उभी राहील? माझा नियम मी शोधत होते आणि तो मला सापडत नव्हता.

"त्रेसष्ट गो बाय," मी म्हटलं. माझा आवाज रडून घोगरा झाला होता.

तिने चमकून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा जमिनीकडे बघत म्हणाली, "नऊ आठी बहात्तर."

निघताना मी त्यांना ग्रुपवर परत घेतलं. नेवऱ्यांचा डबा सोप्यावरच राहिला. शोकाच्या घरी तो देणं बरोबर होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

दोन दिवसांनी आवाज आला. फोनवर नाव अजून 'आजोबा'च होतं. ते बदलायला हात होत नव्हता. बाराचा पाढा. "बारा साती..." म्हणून ती थांबली. मागे भांडी खणखणली आणि पाळीवरून आलेल्या आईचा दमलेला आवाज आला, "ब्याऐंशी."

"चौऱ्याऐंशी गो आई," मुलगी म्हणाली, आणि पुढे गेली.

मी तो पाढा तीनदा ऐकला. मग चांदणी टाकली आणि खाली काही लिहिलं नाही.