बंदर बंद असताना

चौथीनंतर शाळा सुटली आणि तेव्हापासून माझं अक्षर बिघडलं ते बिघडलंच. तरी हे लिहून ठेवते आहे. कोणाला दाखवायचं नाही. चार माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, कागदासमोर फुटतो, एवढंच.

आमचं घर कोळीवाड्याच्या शेवटाला. हरिहरेश्वराकडे जाणारी वाट खाडीला लागते तिथे. मागच्या पडवीपासून मुसलमानांचा मोहल्ला सुरू व्हायचा आणि त्यातलं पहिलं घर भाभीचं. मधे कुंपण नव्हतं, विहीर होती. पाणी ओढता ओढता आमची ओळख झाली. मी बोलत नसे, ती दोघींचं बोलत असे.

तिचा नवरा, आमचे भाई, कराचीच्या बंदरात कामाला होता. तो गेला तेव्हा देश एकच होता. मोहल्ल्यातले कितीतरी जण जात, आमच्यातलेही जात. कराचीला गेला म्हणजे मुंबईच्या थोडं पुढे गेला, असंच आम्ही समजायचो. मग देश दोन झाले. आमच्यातले परत आले. भाईंची नोकरी चालू होती, ती टाकून यावं तर घरात सगळी खाणारी तोंडं. आज येऊ, उद्या येऊ करता करता पासपोर्ट निघाले. तिथल्या कचेरीत विचारलं, पगार कुठे मिळतो? भाईंनी खरं ते सांगितलं. हातात आला तो तिकडचा पासपोर्ट. घर इकडे, विहिरीच्या पलीकडे, आणि घरी यायला परवानगी मागायची. तिला व्हिसा म्हणतात, हे आम्हाला भाभीकडूनच कळलं.

एका वर्षी भाई उन्हाळ्यात आले. अजून मुंबई राज्यच होतं. मागच्या खेपेला ते परतल्यावर जन्मलेल्या त्यांच्या मुलीने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ती त्यांना 'आगबोटवाले' म्हणायची. 'आगबोटवाले, तुमी जेवलाव काय?' असं दारात उभी राहून विचारायची आणि पळून जायची. भाभी हसायची आणि मग आत जाऊन बसायची.

पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीने ते परत जायचे होते. पण वारा आधीच फिरला. आगबोट दूरवर दिसली, भोंगा वाजला, आणि आमच्या बंदरात न थांबता ती तशीच पुढे गेली. भाई ट्रंक घेऊन धक्क्यावर उभे होते. माझे सासरे, होडीचे तांडेल, त्यांना मी मामंजी म्हणत असे, जवळच होडी वर ओढून घेत होते. ते म्हणाले, "काय भाई, दर्यानं तुमाला ठेवून घेतलं. चला घरी."

"व्हिसा संपतोय ना, तांडेल."

"संपू दे की. बंदर बंद झालं. आता नारळी पुनवेपत्तर कोण कोणाला इचारत न्हाय."

हे बाहेरच्याला कळायचं नाही, म्हणून लिहिते. बंदर बंद झालं की आमच्या किनाऱ्यावर दिलेला शब्द थांबतो. होडी बांधून द्यायची असो, सोयरीक पक्की करायची असो, भांडणाचा निवाडा असो, नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी कोणाच्या मागे लागत नाही. समुद्रच बंद, तर माणसाने काय करावं? हा कायदा कोणी लिहिला नाही, पण कोळीवाड्यात आणि मोहल्ल्यात सारखाच पाळला जायचा. मामंजींना वाटलं सरकारही पाळत असेल. भाईंनाही तसंच वाटलं. म्हसळ्याहून माणगावला गाडी जाते, तिथून मुंबई गाठता येते, किंवा निदान चौकीवर जाऊन मुदत वाढवून मागता येते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्या गावाचं तोंड समुद्राकडे. पाठीकडून कोणी कधी गेलंच नव्हतं.

फौजदार आले तेव्हा मी विहिरीवर होते. अंगावर रेनकोट, मागे दोन शिपाई. त्यांनी आवाज चढवला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

"मुदत संपून किती दिवस झाले?"

"साहेब, बंदर बंद हाय," भाई म्हणाले.

"मग?"

भाईंनी मामंजींकडे पाहिलं. मामंजी पुढे होऊन सांगू लागले, शब्द थांबतो, पुनव, नारळ. फौजदारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तांडेल, परदेशी माणसाला आसरा देणं हासुद्धा गुन्हा आहे. ठाऊक आहे ना?" मामंजी मागे सरकले. सोमवारी येतो, बिछाना बांधून ठेवा, असं भाईंना सांगून फौजदार गेले.

पलीकडच्या एका गावातल्या माणसाला असंच नेल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं. खटला झाला, तुरुंग झाला, मग रेल्वेने कुठल्याशा वाळवंटातल्या सरहद्दीवर नेऊन सोडला. एकदा असं झालं की पुन्हा कधीच परवानगी नाही. भाभीला हे पक्कं माहीत होतं. ती पोहरा हातात धरून उभी राहिली. "बाय, सोमवारी नेला का गेलाच तो," एवढं म्हणाली.  मी तिच्या हातातला पोहरा घेतला आणि पाणी ओढलं.

आमच्या भागाचे आमदार त्याच आठवड्यात फिरत होते. तेव्हा पावसाळी अधिवेशन पुण्याला भरायचं, त्याआधी गावोगाव बोलत होते. पेशाने वकील. उंच, बारीक, छत्रीला पितळी मूठ. मोहल्ल्यातली माणसं त्यांना जाऊन भेटली आणि रविवारी बंदरावरच्या रिकाम्या वखारीत सभा ठरली. आम्ही बायका सुकटीच्या टोपल्यांमागे बसलो. माझ्या एका बाजूला भाभी, दुसऱ्या बाजूला माझ्या सासूबाई. फौजदार दारात उभे होते.

आमदारांनी सुरुवातच सरकारपासून केली. "सरकारनं सरहद्द जमिनीवर आखली. आपली माणसं कामाला गेली पाण्यावरून. कोणाचा देश कोणता, हे त्याचं घर बघून ठरवलं नाही, पगार बघून ठरवलं. आता आपल्याच घरी आलेल्या माणसाला बेड्या घालायला पोलीस पाठवतात. चोर सापडत नाहीत म्हणून पाहुणे धरतात काय?"

लोक हसले. फौजदार हसले नाहीत.

मागून एक दुकानदार ओरडला, "आमदारसाहेब, पाकिस्तानातली मतं कधी मोजणार?"

 भाभीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

"तिकडची मोजायला जमणार नाहीत," आमदार म्हणाले. "पण त्याच्या बायकोचं मत याच गावात आहे. तुमच्या दुकानात ती मीठ घेते. नवरा तिकडचा, बायको इकडची, मग त्यांची चूल कुठली ते तुम्ही सांगा. वजन करायची सवय आहे तुम्हाला."

"तो तिकडचा झाला तर तिकडंच राहू दे!"

"तुमचा भाऊ आफ्रिकेत आहे ना? तो दिवाळीला आला की आपण त्याला काय म्हणतो, आफ्रिकन?"

दुकानदार खाली बसला, पण त्याच्या भोवतालची माणसं बसली नाहीत. ती तशीच उभी राहिली, हाताची घडी घालून. मला वाटलं, आता इथे काहीतरी होणार.

आमदारांनी आवाज खाली आणला. "चूक त्या माणसाची नाही असं मी म्हणत नाही. मुदत संपली ही चूकच. पण बंदर बंद असताना शब्द थांबतो, ही इथली चाल आहे असं मला सांगितलं. मी ते पुण्याला सभागृहात सांगणार. तिथं विचारतील, हे कोणी सांगितलं? तर इथं उठून सांगा. चाल खरी की खोटी?"

कोणी उठलं नाही. सगळे दाराकडे बघत होते, फौजदारांकडे. मामंजी पहिल्या रांगेत बसले होते, मान खाली. ज्यांनी धक्क्यावर भाईंना सांगितलं होतं ते.  उठावं असं वाटलं आणि मी टोपलीच्या काठाला धरून तशीच बसून राहिले.

तेवढ्यात माझ्या बाजूने सासूबाईंचा आवाज निघाला. बाजारात चार गावांना ऐकू जायचा तो.

"खरी हाय! माझा घोवच बसलाय तिथं समोर. त्यानंच भाईला सांगितलं, आनी आता तोंडात सुपारी धरून बसलाय. उठा की वो! वाघासारखा दर्यावर ओरडता, फौजदाराला काय भिता?"

वखार फुटेल इतकं हसू झालं. हाताची घडी घातलेलेही हसले. मामंजी उठले. त्यांचे कान लाल झाले होते. "व्हय," ते म्हणाले. "खरी हाय. माज्या बापाच्या आधीपासून हाय. मीच सांगितलं भाईला. पकडायचं तर मला पन पकडा." आणि दाराकडे न बघता खाली बसले. त्यांच्यामागे आणखी माणसं उठू लागली, कोळीवाड्यातली, मोहल्ल्यातली, व्हय म्हणत.

सोमवारी फौजदार आलेच. अख्खं गाव भाभीच्या दारात उभं होतं. ते म्हणाले, "सभेत टाळ्या पडल्या म्हणून कायदा बदलत नाही. मला वरून हुकूम आहे." बेड्या मात्र त्यांनी घातल्या नाहीत. भाई स्वतःच चालत गेले, बिछाना काखेत. मुलगी पडवीत उभी राहून विचारत होती, "आगबोटवाले चालत कुठे निघाले?"

त्यांना म्हसळ्याच्या कोठडीत ठेवलं होतं.  वर्तमानपत्र गावात एकच यायचं, शाळामास्तरांकडे, तेही म्हसळ्यापर्यंत एसटी आली तर. मामंजी ते भिजू नये म्हणून धोतरात गुंडाळून आणत. भाभी चुलीजवळ बसायची आणि मी वाचायची. घरातल्या माणसांसमोरही मोठ्याने वाचायची मला लाज, पण तिथे वाचायला दुसरं कोणी नव्हतं. एके दिवशी आमच्या आमदारांचं भाषण आलं. त्यांनी सभागृहात सरकारला विचारलं होतं की, ज्यांची बायकामुलं इथे आहेत अशा माणसांचे अर्ज दिल्लीत का पडून राहतात आणि अर्जाचं उत्तर येण्याआधी पोलीस मात्र वेळेवर कसे पोचतात? आणि पुढे ते म्हणाले होते, 'दिल्लीला समुद्र नाही. म्हणून बंदर बंद होणं म्हणजे काय, ते दिल्लीला माहीत नाही.' मंत्र्यांनी उत्तर दिलं, चौकशी करू.

"परत वाच, बाय," भाभी म्हणाली. मी परत वाचलं.

"चौकशी म्हंजे सोडतील का न्हाय?"

ते पेपरात नव्हतं.

मग एका सकाळी भाई परत आले. चिखलाने माखलेले, दाढी वाढलेली. खटला भरायचा नाही असा हुकूम आला होता. त्यांनी कायमचं इथे राहण्याचा अर्ज करावा, तो दिल्लीला जाईल, पण तोपर्यंत देश सोडावा. मुदत दिली ती नारळी पौर्णिमेपर्यंत. बंदर उघडलं की पहिल्या आगबोटीने जायचं. आमची चाल सरकारने मान्य केली होती, ती अशी.

दरवर्षी आम्ही पावसाचे दिवस ढकलायचो. त्या वर्षी ते पळत गेले. आभाळ उघडलं की भाभी घरात जायची. मुलगी आता भाईंच्या खांद्यावर बसून विहिरीपर्यंत यायची आणि त्यांना बाबा म्हणायची.

पौर्णिमेला आम्ही वाजतगाजत किनाऱ्यावर गेलो. सासूबाईंनी माझ्या हातात नारळ दिला. दर्यादेवा शांत हो, माणसांना जाऊ दे, असं म्हणून तो सोडायचा असतो. मी वळून पाहिलं. भाभी तिच्या पडवीत उभी होती. मला ते म्हणता येईना. सासूबाई कानाशी आल्या. "न्हाय म्हनलीस तरी चालंल," म्हणाल्या. मी नुसताच नारळ सोडला. पाणी तसंही केव्हाच शांत झालं होतं.

आगबोटीपर्यंत भाईंना मामंजींनी स्वतः होडीतून नेलं. दुसऱ्या कोणाला वल्ह्याला हात लावू दिला नाही.

पुढच्या निवडणुकीत ते आमदार पडले. दुकानदार आणि त्याची माणसं घरोघर हिंडली होती. मी मत कोणाला दिलं ते घरात कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दिल्लीचं उत्तर आलं ते पुन्हा पावसाळ्यात, बंदर बंद असताना. मंजुरी होती. मास्तरांनी ती मराठीत लिहून दिली आणि मीच भाभीला वाचून दाखवली, मग मामंजींना. मला वाटलं आता म्हणतील, पुनवेनंतर बघू. ते उठले, डोक्यावर इरलं घेतलं आणि म्हसळ्याची वाट धरली, तिथून एसटीने माणगावला जाऊन भाईंना तार करायला. आयुष्यात प्रथमच ते पावसात समुद्राकडे पाठ करून निघाले होते. "एसटीत खिडकीशी बसू नका, वारा लागंल!" सासूबाई मागून ओरडल्या.

त्यानंतर भाभी रोज पडवीत बसून समुद्राकडे बघत राहायची. बंदर बंद आहे, बोट येणार नाही, हे ठाऊक असूनही. एका दुपारी मी विहिरीवर होते, म्हणून मला आधी दिसलं. भाई रस्त्याने आले. मुंबईहून माणगाव, माणगावहून म्हसळा, तिथून चालत. मला हाक मारायला जमलं नाही. मी पोहरा विहिरीत सोडून दिला. आवाज झाला तेव्हा ती वळली.