मेणाने बुजवलेली सनई

वैशाख वद्य पंचमी. अलिबागच्या घरी ओटीवर पांढऱ्या कांद्यांच्या माळी विणत बसले होते. पात वाळून कडक व्हायच्या आत हे काम उरकावं लागतं, म्हणून मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली की मी आधी कांदे हातात घेते. दुपारी दादा अंगणात येऊन उभा राहिला. माहेराहून, नागावहून, पायी आला होता. "वर ये, पाणी देते," म्हटलं, तर पायरी चढेना. तेव्हाच समजायला हवं होतं.

"धाकू गेला गो," तो म्हणाला. "सकाळीच पोचवून आलो."

"आणि मला आत्ता सांगतोस?"

"उन्हाळ्याचं दिस. ठेवनार कसा?"

हातातली माळ पुरी केली, कारण अर्धी सोडली तर सगळे कांदे सुटतात. गाठ मारली आणि त्याच्याबरोबर निघाले. वाटेत त्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. आदल्या दिवशी देवीच्या पालखीत धाकूच्या, आमच्या धाकट्या भावाच्या, अंगात फणफणून ताप होता आणि ते दादाला कळलं नाही. "सूर कुठं हलला न्हाय गो. मी मागं वळून कशाला बघू?" पालखी देवळात शिरली, वाजवणं थांबलं आणि मागे धाकू कोसळला. त्यानंतर तो शुद्धीवर आलाच नाही.

सनई दोघांनी वाजवायची असते, हे ऐकणाऱ्यांना फारसं माहीत नसतं. एकजण चाल वाजवतो. दुसरा त्याच्या मागे राहून एकच सूर धरून ठेवतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, श्वासाला खंड न पडू देता. त्याच्या सनईची वरची सगळी भोकं मेणाने बुजवलेली असतात. दादाने तीस-एक वर्षं गावदेवीपुढे वाजवलं. लोक त्याला नावाने ओळखत. धाकूला विचारत, "तू पन वाजवतोस काय रं?" तो म्हणे, "न्हाय, मी नुस्ता फुंकतो."

आम्ही गुरव. देवीची पूजा आणि सनई आमच्या घराकडे. आबा, म्हणजे आमचे वडील, मुलांना आधी सनई हातात देत नसत. परातीत पाणी घेत, पपईच्या पानाचा पोकळ देठ देत आणि फुंकायला सांगत. गालात हवा साठवायची, ती गालांनी बाहेर ढकलता ढकलता नाकाने श्वास घ्यायचा. पाण्यातले बुडबुडे थांबता कामा नयेत. "बुडबुडं थांबलं का जेवान न्हाय," असा त्यांचा कायदा होता. दादा थोरला, मी मधली, धाकू माझ्या पाठचा. मला कोणी बसवलं नव्हतं, मीच देठ तोडून शेजारी बसले. दोघं धापा टाकायला लागले तरी माझे बुडबुडे चालूच. आबा खूश झाले. "बगा रं, हिचा दम बगा! पोरी, तू बापय व्हायला पायजे व्हतीस." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातातला देठ काढून घेतला आणि पत्रावळी टोचायला पानं दिली. दादाची बोटं चपळ, त्याला चालीची सनई मिळाली. धाकूचा दम चांगला, त्याला सुराची. वाटणी झाली ती झाली. त्यावर कोणी रडलं नाही.

आबा गेल्यानंतरच्या एका भाऊबिजेला मी नागावला होते. मागच्या वाडीत सुपाऱ्या गोळा करत असताना धाकू आला. हातात त्याची सनई. बाभळीच्या काट्याने त्याने भोकांतलं मेण कोरून काढलेलं होतं. "ऐक," म्हणाला आणि आई जात्यावर म्हणायची ती चाल त्याने वाजवली. दोन ठिकाणी बोट चुकलं. बाकी सगळी चाल त्याच्याजवळ होती, आणि दादा वाजवतो तशी नव्हती. दादा सभेत बोलल्यासारखं वाजवतो. हे घरातल्या घरात बोलल्यासारखं होतं.

"दादाला ऐकव की," मी म्हटलं.

"आनि त्याचा सूर कोन धरील?" तो हसला. "ही तुझी ओवाळणी समज. पैसं न्हाईत माज्याकडं." मग चुलीवर करवंटीत मेण पातळ करून त्याने एकेक भोक पुन्हा बुजवलं. परत ती चाल त्याने कधी वाजवली नाही...

मी नागावलाच राहिले. तेराव्याला दादाचा मुलगा मुंबईहून आला. तो तिथे लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतो. "बाबा, आता सूर-बिर कोन ऐकतो? एकटंच वाजवा," म्हणाला. दादा म्हणाला, "भिंतीवाचून छप्पर उभं करशील काय रं?" मुलगा दुसऱ्या दिवशी बोटीने परत गेला. दादा पहाटे देवळात जाऊन एकटा बसला. चार-सहा फुंका मारल्या, थांबला आणि मागे वळून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं असेल. मग सनई उपरण्यात गुंडाळून घरी आला.

संध्याकाळी त्याने माझ्यापुढे परात ठेवली. पाणी त्यानेच भरलं होतं. देठही तोडून आणला होता.

"तू धर," तो म्हणाला. "तुझा दम व्हता."

बाईमाणूस देवीपुढे सूर धरायला बसलं तर गाव काय म्हणेल, ते मी बघून घेतलं असतं. देठ तोंडात धरला, गाल फुगवले. बुडबुडे आले. नाकाने श्वास घ्यायला गेले आणि ते थांबले. पुन्हा केलं, पुन्हा थांबले. वरचा पुढचा दात गेलेला, तिथून हवा निसटत होती. गालांना काही आठवत नव्हतं. दादा पाण्याकडे बघत होता. पाणी अगदी स्वस्थ होईपर्यंत बघत राहिला.

"ऱ्हाऊं दे गो," म्हणाला आणि उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परातीतलं पाणी पपईच्या बुंध्याशी ओतलं. त्याच परातीत तांदळाचं पीठ मळून भाकऱ्या केल्या. देवळात नुसती घंटा वाजली. पडवी झाडायला गेले तर भिंतीवर, धाकूच्या सनईच्या खुंटीखाली, मेणाचे ओघळ. दुपारचं ऊन त्या खुंटीवर येतं, म्हणून धाकू जेवायच्या आधी सनई काढून आत ठेवायचा. तो गेल्यापासून ती तिथेच टांगलेली होती. सगळी भोकं उघडी पडली होती. आता हवी ती चाल वाजवावी.

विळ्याने भिंतीवरचं मेण खरवडलं. करवंटीत पातळ केलं आणि एकेक भोक बुजवलं. दादा दारात उभा होता. कोणासाठी, असं त्याने विचारलं नाही. सनई आतल्या खोलीतल्या खुंटीला लावली आणि मी अलिबागची वाट धरली. कांदे अर्धे राहिले होते.