महालक्ष्मींच्या ताटातली गोळी

समस्त भाविकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या वर्षी माझ्या पोटात एका जंतूने बिऱ्हाड थाटलं होतं आणि त्याच्या आश्रयाने तिथे कॅन्सर वाढत होता. पोटाचा लिम्फोमा. सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी जंतू मारू. तो गेला की अशी गाठ बहुतेक वेळा आपोआप विरते. दोन आठवडे गोळ्या, एकही चुकवू नका." पुलगावला परतताना मी मात्र वेगळाच अर्थ लावला. कॅन्सरला साध्या गोळ्या? म्हणजे आपलं आटोपलं, बाईंनी नुसती समजूत काढली. गोळ्यांना मी हातही लावला नाही.

त्याच आठवड्यात घरी महालक्ष्मी बसल्या. नैवेद्य दाखवून आम्ही सगळे बाहेर येतो, दार लोटतो. महालक्ष्मी म्हणजे दोघी बहिणी, त्या निवांत जेवतात आणि मग आम्ही पुरणावर बोटाचा ठसा शोधतो, अशी घरची रीत. त्या दुपारी मी ऐटीत गोळ्यांची पट्टी ताटात ठेवली. "घ्या, तुम्हीच खा!"

बायको कळवळली, "देवीसंगं मस्करी करता काय हो? अंगाशी येईन!"

घरातले सगळे ओसरीवर, दार समोर. आत चिडीचूप. आणि एकदाच, अगदी स्पष्ट, 'टक्'. पट्टीतून गोळी काढताना होतो तो आवाज. बायकोने माझं मनगट घट्ट धरलं.

दार उघडलं तेव्हा समईची ज्योत सरळ उभी होती. पट्टीतलं एक घर फुटलेलं. गोळी पुरणावर, शेजारी बोटाने दाबल्यासारखा खळगा. थोरल्या वहिनींनी पाण्याचा गडू पुढे केला. "गिळा भाऊजी. वाट पाहून राह्यल्या त्या."

गिळली. पुढची एकही चुकवली नाही. काही महिन्यांनी पोटात दुर्बीण घालून पाहिलं तर जंतू नव्हता, गाठही विरली होती. तपासणीला अजून जातो. बरा झालो तो औषधानेच, त्याबद्दल माझा वाद नाही. ते औषध माझ्या तोंडापर्यंत जिने आणलं तिच्या पायी मात्र डोकं ठेवतो. देवावर हवाला टाकणं म्हणजे हात जोडून बसणं नव्हे, पुढ्यात आलेलं मुकाट गिळणं, हे त्या दुपारी उमगलं.

यंदा वहिनी महालक्ष्मींना लुगडं नेसवत होत्या. पत्र्याची कोठी, तिच्यावर मुखवटा, एवढीच आमची देवी. पदर खोचता खोचता वहिनी थबकल्या, मागे सरकल्या आणि मोठ्याने बोलून गेल्या, "अवं माय, पन हिले तं हातच नाईत!"