लॅपटॉपच्या कपाळी भस्म

नव्या वस्तूला भस्माचे तीन पट्टे ओढल्याशिवाय ती वापरायचीच नाही, ही परंड्याच्या शिवम्माची रीत. ब्लाऊज शिवायची मशीन, कात्री, पंखा, कुणीच सुटलं नव्हतं. मग पुण्याहून लेकीनं, महेश्वरीनं पाठवलेला पाटीएवढा स्वस्तातला लॅपटॉप कसा सुटणार? पडद्याच्या वरच्या काठावर ठसठशीत पट्टे ओढून तिनं लगेच लेकीला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, सगळं पांढरंच दिसतंय! कुठं हायस तू?"

"इथंच की! तू तर लई छान दिसायलीस!" शिवम्मा हरखून ओरडली.

महेश्वरीला हसू आवरेना. "कॅमेऱ्यावरचं भस्म पूस आधी!"

शिवम्मानं बोटानं पुसलं. बोटाला लागलेलं भस्म वाया का घालवायचं? तिनं ते पडद्यावरच्या लेकीच्या कपाळाला लावलं.

तिकडं पुण्यात महेश्वरीनं आपसूक मान पुढं केली.