जहाजाचं शेवटचं पान

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, सोळा वर्षं नौदलाच्या क्रूझरवर, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजावर होते, आणि आमच्या गावात ते कोणाला खरंच वाटत नसे. सालेकशाकडचं आमचं गाव. तिथं पाणी म्हणजे शेतातली लहानशी बोडी नाहीतर तलाव.

"तोफ चालवली का, बाप्पा?" असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "मी खाली होतो. बॉयलरपाशी."

"म्हंजे समुद्रात गेले अन् समुद्रच नाही पाह्यला!" की सारा पार हसायचा. मोठे बाबा भडकायचे. "तुह्या बापानं तरी पाह्यला का रे?" नोकरी सुटल्यावरही त्यांनी गोंदियाच्या उसना, म्हणजे उकड्या तांदळाच्या गिरणीत बॉयलरच सांभाळला. जहाजाच्या पुढं तो त्यांना चहाच्या किटलीएवढा वाटायचा.

मी गोंदियाला कॉलेजात होते, पॅसेंजरनं अपडाऊन करायची. नवीनच सायबर कॅफे निघाला होता. एक दिवस सहज जहाजाचं नाव टाकलं, तर इंग्रजीत चार पानं निघाली, जन्मापासूनची सगळी नोकरी. कॅफेवाला म्हणाला, "क्या दीदी, नेवी का एग्जाम है क्या?" मी काय सांगू त्याला! पानं छातीशी धरून स्टेशनापर्यंत पळत गेले.

मोठ्या बाबांना इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून रविवारी ओसरीवर बसून मी ती त्यांना मराठीत वाचून दाखवायला लागले. महायुद्धासाठी इंग्रजांनी बांधलेली ही क्रूझर. बर्फाच्या समुद्रात मालाच्या जहाजांची राखण केली. एकदा टॉर्पेडो लागला, माणसं मेली, तरी स्वतःच्या वाफेवर बंदरात आली.

"थांब. कायले घाई करून राहिली? पुन्हा वाच. स्वतःच्या वाफेवर?"

"हो, असंच लिहिलं आहे."

"म्हंजे खालची माणसं जागा सोडून गेली नाहीत." एवढं बोलून त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले.

पुढं युद्ध संपलं, आपल्या देशानं ती विकत घेतली, नाव बदललं, आणि मोठे बाबा चढले. त्यांचं नाव पानात नाही म्हणून मलाच राग आला. "माहं नाव कायले राहीन? कागदात कप्तानाचं राहते," ते म्हणाले.

चौथ्या पानाच्या तळाला शेवटचा परिच्छेद होता. जहाज सेवेतून काढलं, भंगारात विकलं, किनाऱ्यावर ओढून तोडलं. मी हे वाचत होते तेव्हा मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, जाऊन महिनाही झाला नव्हता. माझी जीभच रेटेना.

"मग? आता कुठी आहे?"

"मुंबईले. नौदलाची नवी पोरं शिकून राहिली तिच्यावर."

सरळ थाप मारली, पापणीही न हलवता. पुढं आठ-नऊ वर्षं मी तीच थाप सांभाळली. कागद घडीवर फाटायला आले, कितीदा वाचून घेतले त्यांनी, पण मी दरवेळी त्या परिच्छेदाच्या आधी थांबायची.

मी देवरीला मास्तरीण झाले होते. थंडीच्या दिवसांत घरी आले, तर मोठे बाबा इस्त्रीचा सदरा घालून तयार! रिझर्वेशनही करून आणलेलं. पिशवीत बॉयलरवरच्या पोरांसाठी म्हणून नव्या धानाचे पोहे.

"चाललो मुंबईले. मरायच्या आधी एकदा तिच्या अंगाले हात लावून येतो."

आता काय करू? म्हातारा माणूस त्या बंदरात कोणाकोणाला विचारत फिरणार? मी सांगून टाकलं. "मोठे बाबा, ते जहाज नाही राहिलं. तोडलं."

"कधी?"

"मी वाचलं त्याच्याही आधी."

"तुले मालूम होतं?"

"हो. मोठी आई गेली होती, म्हणून..."

"चूप." आवाज चढला नाही, त्याचीच मला भीती वाटली. "आपल्या घरात मरणाची खबर दाबत नाहीत. माणूस बांदीत धान लावत असला तरी बलावून सांगतात. अन् मी इतके वर्षं चहा पेलो, दिवाळी केली."

आमच्याकडं लांबचं कोणी गेल्याचं कळलं की आधी डोक्यावरून पाणी, मग बाकी सगळं. ते विहिरीवर गेले. त्या इस्त्रीच्या सदऱ्यानिशी दोन बादल्या डोक्यावर ओतल्या. मी दारातच रडत उभी. त्यांनी तिसरी बादली ओढली आणि माझ्यापुढं ठेवली.

"घे. तुलेबी लागते. तुही कोणी नव्हती का ते?"

मी चपला काढल्या आणि पाणी ओतून घेतलं. दोघंही कुडकुडत होतो. मग ते ओसरीवर बसले.

"आण तो कागद. राह्यलेलं वाच."

ओल्या कपड्यांनी मी ते वाचलं. पाचच ओळी होत्या.